नेव्हिल, रू की सॅम? हिवाळ्यातल्या वाचनासाठी कोणाला निवडावं

मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, रात्रीचं नाटक पाहून पहाटे घरी परतणाऱ्या बायकांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यात नायकाचं नाव क्वचितच निघतं. वडशाहून आलेल्या कंपनीचा नायक कितीही देखणा असो, बायका बोलतात घरच्या जुन्या गड्याबद्दल, नायकाच्या मुक्या बहिणीबद्दल, हसवता हसवता शेवटच्या अंकात रडवून गेलेल्या विनोदी नटाबद्दल. झाडीपट्टीत, आमच्या पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, रात्ररात्र नाटक पाहणाऱ्यांना गोष्टीचा जीव कुठे असतो ते बरोबर कळतं. तरीही गावच्या वाचनालयाच्या ओसरीत मुलांसाठी रविवारचं वाचन सुरू केलं, तेव्हा पहिल्या वर्षी मी पुस्तकं निवडली ती नायक बघून. चौथ्या रविवारी सहा मुलं उरली.

आता तीन हिवाळे झाले. शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकेने परवा विचारलं, "ताई, पैसे एकाच पुस्तकाचे आहेत. सातवी ते दहावीची पोरं आहेत. जादूची, साहसाची गोष्ट पाहिजे. कोणतं घेऊ?" मी त्यांना म्हटलं, पुस्तक नंतर ठरवा, आधी नायकाच्या शेजारी कोण उभं आहे ते ठरवा: 'हॅरी पॉटर'मधला नेव्हिल, 'द हंगर गेम्स'मधली रू की 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला सॅम. तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही.

आधी वेळेचा हिशोब. आमच्याकडे भाऊबिजेनंतर मंडया सुरू होतात, धानाची कापणी आणि चुरणं आटोपेपर्यंत निम्मी मुलं बांध्यांत असतात आणि होळी झाली की मोहफुलांचे दिवस लागतात. मधल्या काळात सोळा ते अठरा रविवार हाती लागतात. एका रविवारी एक प्रकरण, त्यावर थोडं बोलणं, एवढंच होतं. या मापात 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग चपखल बसतो, त्याची 17 प्रकरणं आहेत. 'द हंगर गेम्स'ची 27 आहेत. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची 62. म्हणजे सॅमवाइज गॅमजीची पूर्ण ओळख करून द्यायची तर जवळपास चार हिवाळे जातील, आणि आठवीत बसलेला पोरगा शेवट ऐकेपर्यंत अकरावीला तालुक्याच्या गावी गेलेला असेल.

तरीही सॅमबद्दल आधी बोलते, कारण माझं स्वतःचं सगळ्यात जास्त प्रेम त्याच्यावर आहे.

टॉल्किनच्या या कादंबरीचे तीन खंड 1954 आणि 1955 मध्ये आले. तिच्यातला सॅम हा माळी आहे. बाप माळी, तोही माळी. खिडकीखालचं गवत कापताना मालकाचं बोलणं कानावर पडतं, पकडला जातो आणि त्यातूनच मालक फ्रोडोसोबत, एका घातक अंगठीचा नाश करायला, त्याचा प्रवास सुरू होतो. त्याच्या पिशवीत तळाशी जपून ठेवलेलं थोडं मीठ असतं. घरापासून शेकडो कोस दूर, शत्रूच्या उंबरठ्यावर, तो सशाचा रस्सा रांधतो आणि त्यासाठी कुठला पाला मिळतो का ते शोधतो. पुढे डोंगराच्या वाटेवर ओझं हलकं करायची वेळ येते, तेव्हा तो आपली स्वयंपाकाची भांडी दरीत फेकतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हा प्रसंग मी एकदा सुटा वाचून दाखवला. ऐकायला एक आजी बसल्या होत्या. त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा त्या नव्या वस्तीत आलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भांडे टाकाची पाळी येऊ नये बाई कोणावर."

अंगठी थोडा वेळ सॅमच्या हाती येते तेव्हा ती त्यालाही मोह घालते. तो मोहसुद्धा माळ्याचाच: अख्ख्या उजाड खोऱ्याची बाग करून टाकशील. सॅम ते नाकारतो, कारण स्वतःच्या हातांनी राखता येईल एवढी एक लहान बाग त्याला पुरेशी वाटते. दीड-दोन एकरांच्या बांध्या कसणाऱ्या घरांतल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि शेवटी, सगळं जिंकून परतल्यावर गावातली झाडं तोडलेली दिसतात, तेव्हा तो भेट मिळालेल्या डबीतली माती चिमूट चिमूट करून नव्या रोपांच्या मुळाशी घालत गावभर फिरतो. युद्धानंतरचं इतकं सुंदर काम मी दुसऱ्या कुठल्याही साहसकथेत वाचलेलं नाही.

पण सामूहिक वाचनाला सॅम कठीण आहे. वर्णनं लांब, नावं डोकं फिरवणारी, आणि मुख्य म्हणजे सॅमचं मोठेपण दिसायला अर्धा प्रवास पार करावा लागतो. गटात वाचायला तो नको. मात्र दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या बसलेल्या, घरात एकट्याने वाचणाऱ्या मुलीला किंवा मुलाला नक्की द्या. तेंदूपत्त्याच्या दिवसांत दुपार फार लांब असते.

रूचं तसं नाही. ती थेट येते आणि थेट काळजात बसते. सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' 2008 ची; तिच्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं उचलून त्यांना एकमेकांना मारायच्या खेळात उतरवलं जातं. बारा वर्षांची रू सहा भावंडांत थोरली, शेती करणाऱ्या अकराव्या जिल्ह्यातली. तिच्याकडे शाळा असते, पण हंगामात नसते, तेव्हा सगळ्यांनाच शेतात जावं लागतं. पिकवलेलं खायची मुभा नाही, खाल्लं तर सगळ्यांसमोर फटके. झाडाच्या शेंड्यावर ती चढते, कारण तिच्याइतकं हलकं कोणी नाही, आणि काम सुटल्याचा झेंडा सगळ्यात आधी तिला दिसतो. मग ती चार सुरांची एक लकेर गाते, पक्षी ती उचलतात आणि बागभर पोचवतात: चला, घरी चला.

रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसांत आमच्या शाळांच्या हजेरीपटावर लाल रेघा वाढतात. हे गावातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. म्हणून रू ज्या दिवशी गोष्टीत बोलायला लागली त्या दिवशी ओसरीवर जी शांतता झाली, तशी दुसऱ्या कोणत्याच पात्राने केली नाही. आठवीतली एक मुलगी नंतर माझ्याजवळ आली आणि विचारलं, "ताई, हे लिहिणारी बाई कधी रोवणीले गेली होती का जी?"

इथेच अडचणही आहे. रू मरते. अठराव्या प्रकरणात, नायिका कॅटनिसच्या मांडीवर, गाणं ऐकत. कॅटनिस तिला रानफुलांनी झाकते आणि त्यानंतर अकराव्या जिल्ह्यातून, जिथे लोकांना स्वतःलाच पोटभर मिळत नाही तिथून, कॅटनिससाठी पाव येतो. गोष्ट म्हणून हे फार मोठं आहे. पण तुमच्यासमोर बसलेल्या मुलांमध्ये कोणाच्या घरी काय घडलंय ते आधी माहीत करून घ्या. मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस वाघाच्या तोंडी गेल्याच्या घटना आमच्या बाजूला घडतात. कर्जापायी गेलेले बाप तर विदर्भात कुठल्याही शाळेत शोधायला नकोत. मी दुसऱ्या हिवाळ्यात ही चौकशी न करता वाचायला घेतलं आणि सतराव्या प्रकरणाच्या शेवटी, रूला भाला लागतो तिथे, एक मुलगा उठून मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तो पुढच्या दोन रविवारी आला नाही. ती चूक माझी होती.

त्यामुळे रू निवडायची असेल तर गट नववीच्या वरचा हवा, मुलं तुमच्या किमान वर्षभराच्या ओळखीची हवीत, आणि सतरावं-अठरावं प्रकरण वेगवेगळ्या रविवारी वाचायचं नाही. त्या दिवशी दोन्ही एकत्र वाचा. मुलांना भाल्यापाशी सोडून घरी पाठवू नका, फुलांपर्यंत घेऊन जा.

आता नेव्हिल लाँगबॉटम. 1997 साली आलेल्या पहिल्या भागात तो जवळजवळ कोणीच नाही. त्याचा बेडूक हरवतो. झाडूवरून पडून मनगट मोडतं. विसरलेल्या गोष्टींची आठवण करून देणारा काचेचा गोळा आजी पाठवते आणि नेमकं काय विसरलं तेच त्याला आठवत नाही. आई-बाप जवळ नाहीत, का नाहीत ते पहिल्या भागात कळतही नाही. त्यांना छळ करून वेड लावलं गेलं आणि ते इस्पितळात आहेत, हे फार पुढे उलगडतं. इथे फक्त कडक आजीजवळ वाढलेला, वर्गात मागे पडणारा, घाबरणारा एक मुलगा दिसतो.

असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. आमच्याकडे आई-वडील वीटभट्टीवर किंवा नागपूरकडे बांधकामावर गेलेले आणि आजीजवळ राहिलेले असे किती तरी आहेत. सॅम त्यांना मोठा माणूस वाटतो, रू त्यांना देवासारखी वाटते. नेव्हिल त्यांना शेजारी बसलेला वाटतो.

रू आणि नेव्हिल शेजारी शेजारी ठेवले की एक फरक लगेच दिसतो. रू पहिल्या वाक्यापासून हुशार आहे, चपळ आहे, प्रेमळ आहे. तिच्यावर जीव जडायला वाचकाला काहीच करावं लागत नाही. नेव्हिलवर जीव जडवायला वाट पाहावी लागते. सॅमसाठीही वाट पाहावी लागते, पण सॅम पहिल्या दिवसापासून निष्ठावान असतो, फक्त त्याची निष्ठा किती खोल आहे ते उशिरा कळतं. नेव्हिल मात्र खरोखर बदलतो. शेवटच्या प्रकरणांत तो हॅरी, रॉन आणि हर्मायनीच्या वाटेत उभा राहतो, कारण ते पुन्हा नियम मोडायला निघालेत आणि त्यापायी सगळ्यांचेच गुण जाणार आहेत. तो चुकीचा असतो, त्यांना जाणं भागच असतं. हर्मायनी मंत्राने त्याला लाकडासारखा ताठ करून पाडते. तरी त्या उभं राहण्याचे दहा गुण त्याला मिळतात आणि त्या दहा गुणांवर त्यांचं अख्खं सदन, म्हणजे शाळेतला त्यांचा गट, वर्षाचा चषक जिंकतं. शत्रूसमोर उभं राहायला जेवढं धैर्य लागतं तेवढंच मित्रांसमोर उभं राहायलाही लागतं, असं हेडमास्तर सांगतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी, ज्याला मित्रांनी पहिल्यांदा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी पुढे केलेली असते, याहून उपयोगी प्रसंग मला माहीत नाही.

भाषेचीही सोय आहे. पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने मराठीत मिळतो, त्यामुळे वाचणाऱ्याला मनातल्या मनात उलथापालथ करत बसावं लागत नाही. 'हंगर गेम्स' मी इंग्रजी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत गेले; जमतं, पण दमछाक होते आणि मुलांना पाळीपाळीने वाचायला देता येत नाही. मुलांनी स्वतः मोठ्याने वाचणं हा या रविवारांचा निम्मा फायदा आहे.

आणखी दोघांची आठवण काढते. 'हॅरी पॉटर'मधलीच लुना लव्हगुड मला अतिशय आवडते. तिने मृत्यू पाहिलेला असतो, म्हणून तिला ते काळे पंखवाले घोडे दिसतात जे इतरांना दिसत नाहीत. ज्या मुलांनी घरातलं माणूस जाताना पाहिलंय त्यांच्याशी बोलायला याहून हळुवार वाट नाही. पण ती पाचव्या भागात येते, आणि तिथवर पोचायला आधीचे चार भाग हवेत. दुसरा पडलग्लम, नार्निया मालिकेतल्या 'द सिल्व्हर चेअर'मधला दलदलीत राहणारा माणूस. सतत वाईटच होणार म्हणत राहणारा: पाऊस येईल, नाही आला तर थंडी पडेल. आमच्या गावात प्रत्येक पारावर असे दोघे-तिघे आहेत. शेवटी राणीची भुरळ मोडायला तोच अनवाणी पायाने आग विझवतो. 16 प्रकरणांचं हे पुस्तक मापातही बसतं. मात्र तिथल्या बऱ्याच गोष्टी मालिकेतल्या आधीच्या पुस्तकांवर उभ्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

तेव्हा त्या शिक्षिकेला मी जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. पहिलाच हिवाळा असेल, गट मिश्र वयाचा असेल, मुलं अजून तुमच्या ओळखीची नसतील, तर नेव्हिल. दुसऱ्या वर्षी तीच मुलं मोठी होऊन समोर बसली असतील आणि त्यांच्या घरचं तुम्हाला ठाऊक असेल, तर रू. सॅमचं पुस्तक कपाटात असू द्या, मागणारं कोणी तरी येतंच.

नेव्हिलचा एक धोका मात्र लक्षात ठेवा. तो पहिल्या भागात इतका कमी येतो की मुलांच्या नजरेतून निसटतो. सगळे हॅरीमागे धावतात. म्हणून मी एक रिकामा डबा आणि मूठभर चिंचोके ठेवते. नेव्हिलचं नाव आलं की ज्याला आधी ऐकू येईल त्याने एक चिंचोका डब्यात टाकायचा. सुरुवातीला मुलं खेळ म्हणून करतात. नंतर नंतर चिंचोका टाकताना थबकतात, कारण दर वेळी त्याचं काही तरी बिघडलेलं असतं. पुढे एका रविवारी सातवीतल्या एका मुलाने वैतागून विचारलं, "याले काहून घेतलं जी गोष्टीत? याचं तं काहीच काम नाही." मी म्हटलं, तू डबा सांभाळ. त्याने तो होळीपर्यंत सांभाळला.

सतरावं प्रकरण वाचलं तो रविवार फाल्गुनातला होता. गुण मिळत गेले, रॉनला, हर्मायनीला, हॅरीला, आणि बरोबरी झाली. मग ते शेवटचे दहा. मी नाव वाचलं आणि थांबले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या मुलाने हातातला चिंचोका डब्यात टाकला, मग डबा ओसरीवर पालथा केला आणि सगळे चिंचोके पहिल्यापासून मोजायला बसला.