फिडिक रेड बुक, कलम 13.8: सूत्र चोख, तक्ता मात्र ज्याचा त्याने सांभाळावा

दोन-तीन वर्षं चालणाऱ्या बांधकामात भाववाढ कुणी सोसायची, हा वाद फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या रेड बुकमधलं, म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या नमुना अटींमधलं, कलम 13.8 एका सूत्रात मिटवतं. भावांबरोबर न हलणारा स्थिर भाग घ्यायचा, त्यात प्रत्येक घटकाचा भारांक (म्हणजे खर्चातला त्याचा वाटा) गुणिले (चालू निर्देशांक भागिले मूळ निर्देशांक) मिळवत जायचं. येणाऱ्या गुणकाने त्या महिन्याचं बिल गुणायचं.

समजा निविदेला जोडलेल्या भारांकांच्या तक्त्यात स्थिर भाग 0.15, मजुरी 0.25, डिझेल 0.10, पोलाद 0.25, सिमेंट 0.15 आणि यंत्रसामग्री 0.10 आहे. मजुरीचा निर्देशांक 100 वरून 104 झाला, डिझेलचा 80 वरून 88, पोलादाचा 120 वरून 150; सिमेंट आणि यंत्रसामग्री जागेवर. गुणक येतो 1.0825. म्हणजे 40,00,000 च्या बिलावर 3,30,000 जादा. खरेदीच्या पावत्या मागायच्या नाहीत, तपासायच्या नाहीत. इथपर्यंत पैकीच्या पैकी गुण.

खरी गोम भारांकांच्या तक्त्यात आहे. तो निविदेला जोडलाच नाही तर कलम लागूच होत नाही, आणि गडबडीत तो राहून जातोही. भरला तर बेरीज बरोब्बर 1.00 हवी. दशांश तोडताना ती 0.95 झाली, की एकही भाव न हलता गुणक 0.95 येतो आणि ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून 5 टक्के गुपचूप जातात. बेरीज 1.05 झाली तर तेवढेच मालकाच्या खिशातून. ही चूक तिसऱ्या-चौथ्या बिलाला उघडी पडते आणि तोवर दोन्ही बाजू सह्या करून बसलेल्या असतात.

दुसरा दोष मुळातला आहे. भारांक अख्ख्या कामाच्या सरासरीवर ठरतात, बिलं मात्र महिन्याची असतात. सांगाडा उभा राहताना एखाद्या महिन्याच्या बिलात पोलादाचा वाटा 40 टक्के असू शकतो, फिनिशिंगच्या वेळी जेमतेम 5. पोलाद 25 टक्क्यांनी चढलं तर पहिल्या महिन्यात खर्च वाढतो बिलाच्या 10 टक्के, सूत्र देतं 6.25. फिनिशिंगच्या महिन्यात वाढ 1.25 टक्के, सूत्र तेव्हाही 6.25 च देतं. काम ठरल्या वेगाने चाललं आणि भाव सावकाश चढले तर हिशेब शेवटी जुळतो. भावाने मध्येच उडी मारली की नाही जुळत. मातीकाम, सांगाडा आणि फिनिशिंग यांना वेगळे तक्ते दिले तर हा दोष बराच कमी होतो. हिशेबाचं काम वाढतं, पण मोठ्या कंत्राटात ते परवडतं.

भारांक मधेच बदलता येतात का? येतात, पण फक्त व्हेरिएशनमुळे, म्हणजे ठरलेल्या कामात केलेल्या बदलामुळे, ते अवास्तव किंवा गैरलागू ठरले तरच. ‘आमचा अंदाज चुकला’ हे कारण चालत नाही. म्हणूनच भारांक ठेकेदाराने सुचवायचे असतील तर सावध राहावं: जो भाव चढणार असं त्याला वाटतं, त्या घटकाचं वजन तो फुगवतो. मालकाने प्रत्येक घटकाला किमान-कमाल मर्यादा आखून द्यावी.

निर्देशांकांची तारीखही नीट वाचा. मूळ निर्देशांक निविदा भरण्याच्या अंतिम तारखेच्या 28 दिवस आधीचा, चालू निर्देशांक बिलाच्या कालावधीच्या शेवटच्या दिवसाआधी 49 दिवसांचा. 31 ऑगस्टला संपणाऱ्या बिलाला 13 जुलैचा आकडा लागतो. चढत्या बाजारात हा उशीर ठेकेदाराला लागतो, उतरत्या बाजारात मालकाला. तो आकडा अजून जाहीर झाला नसेल तर मालकाने नेमलेला इंजिनिअर तात्पुरता ठरवतो आणि फरक मागाहून दुरुस्त होतो. ही सोय चांगली आहे. ठेकेदाराने मुदत ओलांडली तर पुढच्या बिलांना मुदत संपण्याच्या 49 दिवस आधीचा आकडा किंवा चालू आकडा, यांपैकी मालकाच्या फायद्याचा असेल तो. ठेकेदाराला कडक वाटेल, पण उशीर त्याचाच.

तक्त्यात नुसतं ‘पोलाद’ लिहू नका. कोणत्या संस्थेची, कोणत्या गटाची, कोणत्या पायाभूत वर्षाची मालिका, हे सगळं लिहा. मालिकेचं पायाभूत वर्ष बदललं, की जुन्या मालिकेतला 120 खाली आणि नव्यातला 104 वर ठेवून कुणीतरी भागाकार करतो. भाव चढलेले असतानाही वजाबाकी होते. जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडणारा जोडगुणक कसा काढायचा ते तक्त्याखालीच लिहून ठेवावं, कलमात त्याचा पत्ता नाही.

2017 च्या आवृत्तीत हा विषय कलम 13.7 मध्ये गेला आणि सूत्रही कलमातून काढून परिशिष्टावर सोडलं. नवखा मसुदा करणारा तिथे अडखळतो. त्याने 1999 चं सूत्र जसंच्या तसं परिशिष्टात उतरवून घ्यावं आणि बेरीज दोनदा करावी.