गणित घेऊन बी.एस्सी. झालंय, मैदानही सुटत नाही : बी.एड. की बी.पी.एड.?

गणित घेऊन बी.एस्सी. आणि खो-खो, कबड्डी नाहीतर ॲथलेटिक्समध्ये महाविद्यालयाच्या संघात जागा, अशी मुलंमुली थोडी का होईना, दरवर्षी असतातच. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचं हे त्यांचं पक्कं असतं. अडतं ते एवढ्यावरच, की बी.एड. करून गणित शिकवायचं की बी.पी.एड. करून मैदान सांभाळायचं. जर्मनीत ही पंचाईत होत नाही. तिथे माध्यमिक शिक्षक होणाऱ्याला सहसा दोन विषय घ्यावेच लागतात आणि गणित-क्रीडा ही जोडी घेणारे तिथे पुष्कळ सापडतात. आपल्याकडे महाविद्यालयं वेगळी, सीईटी म्हणजे प्रवेशपरीक्षा वेगळ्या आणि पुढे पदंही वेगळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो : पदवीला गणित असेल तर आधी बी.एड. करा. मात्र काहींच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकेल. ते कोण, तेही सांगतो.

प्रवेशात फार वेळ घालवायला नको. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या २०१४ च्या नियमांपासून दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे झाले. बी.एड.ला पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. सीईटीत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रश्न बौद्धिक क्षमता, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यतेचे. विषय म्हणून गणित त्यात औषधालाही नाही. बी.पी.एड.ला पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण खेळल्याचा पुरावा लागतो आणि लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणीही द्यावी लागते. कागदावर हुशार असलेले बरेच जण तिथे गळतात. चार वर्षांची पदवी करत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने जे मसुदा नियम काढले, त्यात अशा पदवीधरांसाठी एक वर्षाचं बी.एड. मांडलेलं आहे. प्रवेशाच्या वेळी जो नियम लागू असेल तो बघूनच फॉर्म भरा.

दोन वर्षांत हाताला काय लागतं

बी.एड.च्या सुरुवातीला सूक्ष्म अध्यापनाचे छोटे पाठ असतात. पाच-सात मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं : प्रश्न विचारणं, फळा वापरणं, उदाहरण देणं. समोर बसलेले ‘विद्यार्थी’ म्हणजे आपलेच वर्गमित्र. हे नाटकी वाटतं, आणि थोडं आहेही. खरी परीक्षा शाळेत गेल्यावर होते : पहिल्या वर्षी ४ आठवडे, दुसऱ्या वर्षी १६. रात्री पाठ टाचण काढायचं, सकाळी पाठ घ्यायचा, मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. गणित चांगलं असलेल्या मुलांची एक खोड इथे मोडते. क्ष अधिक ५ बरोबर १२ हे समीकरण आपण ‘पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं’ म्हणून एका ओळीत संपवतो. निरीक्षकांच्या वहीत शेरा येतो : ‘का नेला?’ दोन्ही बाजूंतून ५ वजा केले, हे आठवीतल्या मुलाला पटेल असं सांगायला तराजू काढावा लागतो, आकडे बदलून तीन उदाहरणं करावी लागतात. ज्याला स्वतःला गणित कधीच अडलं नाही, त्याला हे सगळ्यात जड जातं.

बी.पी.एड.चा दिवस उजाडायच्या आधी मैदानावर सुरू होतो. ॲथलेटिक्स, सांघिक खेळ, जिम्नॅस्टिक्स, योग, लेझीम, डंबेल्स. मग शरीररचनाशास्त्र, जीवयांत्रिकी, क्रीडा मानसशास्त्र यांचे तास. पंचगिरी शिकवतात, शिबिर असतं, पाठ इथेही असतातच. पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय किंवा अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही नावं मैदानावरच्या माणसांना सांगावी लागत नाहीत. अमरावतीचं मंडळ तर १९१४ पासून उभं आहे. ‘पीटीवाल्यांना अभ्यास कसला’ असं म्हणणाऱ्याने स्नायूंच्या नावांचा एक पेपर सोडवून बघावा.

गणितवाल्याला तिथे सर्वांत जास्त गोडी लागेल ती मैदानाच्या आखणीची. ४०० मीटरच्या प्रमाण धावपट्टीत सरळ भाग ८४.३९ मीटरचे असतात आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. लेनची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या लेनचं २० सेंटिमीटरवर. त्यामुळे लेनमधल्या पूर्ण फेरीच्या शर्यतीत दुसऱ्या लेनवाल्याला ७.०४ मीटर पुढे उभं करावं लागतं. आता गंमत बघा. शाळेचं मैदान लहान असलं आणि त्यावर २०० मीटरचीच धावपट्टी बसली, तरी लेनची रुंदी आणि मोजायची पद्धत तीच ठेवली तर एका फेरीसाठी हे अंतर तेवढंच येतं. वळणाची त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. उरतो तो दोन लेनमधला १.१२ मीटरचा फरक (१.२२ अधिक ०.२० वजा ०.३०), त्याला गुणायचं ‘पाय’च्या दुपटीने. खो-खोच्या २७ बाय १६ मीटरच्या मैदानाचा कोपरा काटकोनात आणायला दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून ताणतात. दहावीच्या भाग दोनमधला पायथागोरस तो हाच, फक्त इथे हातात खडूऐवजी फक्कीचा डबा.

पद कुठे निघतं

निर्णय खरा होतो तो इथे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी किमान एक शिक्षक सांगितला आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी मात्र शब्द आहे ‘अंशकालीन निदेशक’, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. बाकी सगळं संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येवरून शाळेला मंजूर होणाऱ्या पदांवर अवलंबून. पट घसरला की शारीरिक शिक्षण, कला, कार्यानुभव ही पदं आधी अडचणीत येतात आणि त्या माणसाच्या वाट्याला समायोजनाची, म्हणजे अतिरिक्त ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवण्याची यादी येते. गणिताचा शिक्षकही अतिरिक्त ठरू शकतो, पण गणिताशिवाय दहावीचा वर्ग चालवता येत नाही हे संस्थाचालकालाही कळतं.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘बी.पी.एड. करतो, बी.एस्सी. आहेच, शाळा गणितही देईल’ असा हिशोब बरेच जण मनात धरतात. तास मिळतीलही. मुख्याध्यापकांना रिकामा तास भरायचा असतो, ते देतील. पण गणिताचं मान्यताप्राप्त पद बी.एड.शिवाय मिळत नाही. उलट बी.एड. झालेल्या गणिताच्या शिक्षकाने शाळेचा खो-खोचा संघ तयार केला तर कुणी अडवत नाही, उलट हार घालतात.

भरतीची वाट दोघांची सारखीच. टीएआयटी ही शिक्षकभरतीची परीक्षा २०० गुणांची, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची ऑनलाइन शिक्षकभरती. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर लागतो आणि त्यात ६० गुण गणित-विज्ञानाचे असतात. म्हणजे नुसत्या गणितावर भागत नाही, विज्ञानाची पुस्तकंही पुन्हा चाळावी लागतात. शारीरिक शिक्षणाचा त्यात वेगळा पेपर नाही. सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर सेवेतल्या बहुतेक शिक्षकांनाही टीईटीला बसायला लावलं आहे, तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणून ती मागे ठेवू नका. पगारात फरक नाही. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला १८ हजार, ही रक्कम २०२३ पासूनची. नंतर प्रशिक्षित पदवीधराची श्रेणी, मूळ वेतन ३८,६०० पासून.

अनुदानित शाळांच्या बाहेर चित्र थोडं पालटतं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत शारीरिक शिक्षण हा ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो, ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. तिथे एम.पी.एड. (बी.पी.एड.च्या पुढची पदव्युत्तर पदवी) झालेल्याला विषयशिक्षकाचा मान मिळतो. शहरातल्या मोठ्या खासगी शाळा खेळावर पैसे खर्च करतात, पण करार दरवर्षी नवा आणि पगार तुम्ही घासाघीस कराल तसा. शिवाय पोलीस भरतीच्या अकॅडम्या तालुक्या-तालुक्यात आहेत. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक या ५० गुणांची तयारी करून घेणाऱ्या चांगल्या प्रशिक्षकाला तिथे काम कमी पडत नाही. गणितवाल्याला नोकरी लागेपर्यंत क्लासचा आधार असतो, लागल्यावर मात्र तो बंद करावा लागतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई आहे.

रोजच्या कामाबद्दल थोडक्यात. गणितात बोर्डाच्या निकालाचं ओझं मानेवर असतं. भाग एक ४०, भाग दोन ४०, अंतर्गत २० आणि ३५ ला अडखळणारी पाच-सात मुलं प्रत्येक वर्गात. जानेवारीनंतर जादा तास आलेच. शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय, निकाल कुणी विचारत नाही. पण परिपाठाची रांग, प्रभातफेरी, स्नेहसंमेलनाचा मांडव, गैरहजर शिक्षकाचा ऑफ तास, सगळं पीटीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे. तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धांचे अर्ज, जन्मदाखले, गाडीभाडं आणि एखाद्या मुलीच्या घरच्यांची परवानगी मिळवणं हेही त्यांचंच काम. त्याचं श्रेय क्वचित मिळतं. गुडघे पन्नाशीत काय म्हणतील याचाही विचार पंचविशीत कुणी करत नाही.

आता माझा सल्ला कुणी ऐकू नये ते. पदवीला गणित हा मुख्य विषय नव्हता, फक्त पहिल्या वर्षापुरता होता, अशांनी गणिताच्या पदाच्या मागे लागू नये. जाहिरातीतली पात्रता तिथेच अडवते. विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेल्या आणि चार भिंतींत दोन तास बसवत नाही अशा माणसानेही केवळ पदं जास्त म्हणून बी.एड.ला जाऊ नये. वीस वर्षं रोज सहा तास फळ्यासमोर उभं राहायचं आहे. आणि ज्याची नजर प्रशिक्षक होण्यावर आहे, शाळा फक्त एक थांबा आहे, त्याने बी.पी.एड. आणि पुढे पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा हाच रस्ता धरावा.

बी.एड. निवडलं तर मैदान सुटेल ही भीती सोडा. दोन्ही पदव्या एकाच वेळी करायला जाऊ नका, बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. त्यापेक्षा बी.एड. झाल्यावर आपल्या खेळाच्या राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या, आणि उन्हाळ्यात जमलं तर एनआयएसचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. अजूनही ठरत नसेल तर यंदा दोन्ही सीईटीचे फॉर्म भरा आणि निकाल येईपर्यंत दोन कामं उरका : जवळच्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांना विचारून आठवडाभर नववीच्या वर्गात मागे बसा, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या जिमखान्यातून शिक्क्यासह काढून आणा. सुट्टी लागली की तिथे भेटायला कुणी नसतं.