पातळ वस्तू उचलताना: स्थिर विद्युत की रेणूंमधील आकर्षण?

कागद, प्लॅस्टिकची फिल्म, पातळ काच किंवा सिलिकॉनची चकती डिंक न लावता आणि चिमटा न वापरता उचलायची असेल, तर स्थिर विद्युत आणि रेणूंमधील आकर्षण हे दोन मार्ग समोर येतात. दोन्हींचे मूळ विद्युतप्रभारातच असल्यामुळे त्यांत अधिक बलवान कोण, हा वाद मला फारसा उपयोगी वाटत नाही. पकडणारा आणि पकडला जाणारा पृष्ठभाग परस्परांच्या किती जवळ येऊ शकतात, ते आधी पाहावे.

फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोंने १७८५ मध्ये दाखवल्याप्रमाणे प्रभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून स्थिर विद्युतेचा पल्ला लांब असतो. घासलेली प्लॅस्टिकची पट्टी कागदाचा कपटा स्पर्श होण्याआधीच ओढून घेते. मात्र मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या पुढे कोरड्या हवेत ठिणगी पडते आणि त्या मर्यादेवरही ओढ जेमतेम ४० पास्कल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.४ ग्रॅम वजनाइतकीच भरते. साध्या कागदाचे वजन पेलायला एक पास्कलही लागत नाही, त्यामुळे तेथे ही ओढ पुरून उरते. पकडणाऱ्या पट्टीत विद्युतअग्रे (विजेला जोडलेले धातूचे भाग) बसवून त्यांवर विद्युतरोधक थर दिला आणि वस्तू त्याला चिकटून बसली, तर ओढ बरीच वाढवता येते. चिप बनवताना निर्वातात, जेथे हवा शोषून वस्तू धरणाऱ्या रबरी वाट्या निरुपयोगी ठरतात, तेथे सिलिकॉनच्या चकत्या अशाच धरतात. दमट हवेत प्रभार झिरपून जातो, आसपासची धूळही ओढली जाते आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना ठिणगीचा धोका राहतो.

रेणूंमधील व्हॅन डर वाल्स बलाला वीज पुरवावी लागत नाही. इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक असमान वाटणीतून ते कसे उपजते, हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये उलगडले. दोन गुळगुळीत पृष्ठभागांत एक नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अंतर असेल, तर ही ओढ सुमारे ५० वातावरणांच्या दाबाएवढी होते. अंतर दहापट झाले की ती हजारपटीने घटते आणि १०० नॅनोमीटरवर तर हवेतील स्थिर विद्युतही तिला मागे टाकते. खडबडीत पृष्ठभाग मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, म्हणून बहुतेक वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत. पालीने ही अडचण केसांनी सोडवली आहे: तिच्या बोटांखालच्या केसांची टोके सुमारे २०० नॅनोमीटर रुंद असतात आणि भिंतीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतात. सिलिकॉन रबराची मऊ गादी काचेवर हेच काम साधेपणाने करते. ती सरळ ओढल्यास हटत नाही, पण एका कडेने सोलली की सहज निघते. धूळ बसून पकड गेली, तर बहुधा धुतल्यावर परत येते.

कागद, कापड आणि खरखरीत पत्रे यांसाठी मी स्थिर विद्युत निवडेन. स्वच्छ काचेसाठी, विशेषतः वीज गेल्यावर ती खाली पडू द्यायची नसेल तेथे, गादी. पातळ फिल्मच्या बाबतीत मात्र निवड पूर्णपणे आपल्या हाती राहत नाही. प्रभार तिला दुरून गुळगुळीत पट्टीपर्यंत ओढतो, ती लवचीक असल्याने जागोजागी नॅनोमीटरच्या अंतरात येते, आणि पुढची पकड रेणू घेतात. मग वीज बंद केली तरी ती कडेने सोलूनच काढावी लागते.