परसात कोंबड्या की भाजीपाला? खानदेशातील घरांसाठी एक तुलना

घरामागे दहा-पंधरा फुटांची मोकळी जागा असली की, तिथे चार-पाच कोंबड्या पाळाव्यात की भाजीपाला लावावा, हा प्रश्न खानदेशातल्या घरांत कधी ना कधी निघतोच. तो बहुधा मृगाचा पाऊस पडून गेल्यावर निघतो आणि निर्णय चुकण्याचे मोठे कारण हेच आहे. त्या दिवसांत काळ्या मातीत टाकलेले बी चार दिवसांत वर येते, कोंबड्यांना किडे-गवत फुकट मिळते आणि दोन्ही कामे सोपी वाटतात. आपल्याकडे परसाची परीक्षा चैत्र-वैशाखात होते, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि अनेक गावांत नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येते. अमळनेर तालुक्यातील आमच्या घरामागे मी गेली नऊ वर्षे दोन्ही करून पाहिले आहे. या अनुभवावरून ही तुलना मी मे महिन्यापासूनच सुरू करते.

पाण्याचा हिशोब सर्वांत आधी करावा. मोठ्या कोंबडीला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते आणि कडक उन्हाळ्यात ते दुप्पट होते, म्हणजे पाच कोंबड्यांना मे महिन्यात दिवसाला अडीच लिटर पाणी पुरते. ते दिवसातून तीन वेळा बदलावे लागते, पण तरी ते एका कळशीच्या आतच राहते. भाजीच्या वाफ्याचे गणित अगदी वेगळे आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि आपल्याकडच्या उन्हा-वाऱ्यात वाढत्या पिकाला रोज सात-आठ मिलिमीटर पाणी सहज लागते. दहा फूट बाय दहा फुटांचा वाफा साधारण नऊ चौरस मीटरचा होतो, म्हणजे त्याला रोज साठ-सत्तर लिटर पाणी हवे. ठिबकची नळी टाकली, केळीच्या वाळलेल्या पानांचे किंवा गव्हाच्या भुशाचे चार बोटे जाड आच्छादन केले आणि वर हिरवी शेडनेट बांधली, तर ही गरज बरीच खाली येते, पण कळशीभर पाण्यावर वाफा जगत नाही. ज्या घरी मे महिन्यात पिण्याचे पाणीही साठवून वापरावे लागते, त्या घराने भाजीपाला जून ते फेब्रुवारीपुरता ठेवावा आणि उन्हाळ्यात वाफा मोकळा सोडून तापू द्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. मातीतील किडींचे कोष आणि तणांचे बी त्या तापण्याने बरेच कमी होते.

पाणी कमी लागते म्हणून कोंबड्याच बऱ्या, असे मात्र लगेच ठरवू नये. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून, मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर काढते. पारा ३२-३३ अंशांच्या वर गेला की तिचे खाणे कमी होते, अंडी लहान आणि पातळ कवचाची येऊ लागतात, आणि ४० च्या पुढे तिच्या जिवालाच धोका असतो. आमचे पहिले खुराडे पश्चिमेच्या भिंतीला लागून होते आणि त्यावर पत्र्याचे छप्पर होते. त्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी मी लग्नाला गेले आणि साडेपाचला परत आले. आठपैकी तीन कोंबड्या मान टाकून पडल्या होत्या. बाकीच्या पंख अंगापासून दूर धरून, चोची उघड्या टाकून, पाण्याच्या भांड्याशी दाटीने उभ्या होत्या. भांड्यात पाणी होते, पण बोट घातले तर चटका बसावा इतके ते तापले होते. पाणी ठेवलेले असणे आणि पाणी पिण्याजोगे असणे यातला फरक मला त्या दिवशी कळला आणि त्या तीन जिवांची किंमत त्यासाठी मोजावी लागली.

त्यानंतर खुराडे आम्ही कडुनिंबाखाली हलवले. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) आणि केळीच्या पानांचा जाड थर टाकला, तिन्ही बाजूंना जाळी लावून त्यावर ओले गोणपाट सोडले आणि पाणी मातीच्या परळांत ठेवू लागलो. कोंबड्या दुपारी मातीत खड्डा करून त्यात अंग टेकून बसतात, म्हणून झाडाच्या बुंध्याशी थोडी माती मुद्दाम ओली आणि भुसभुशीत ठेवतो. दाणे पहाटे आणि सूर्य मावळताना देतो, कारण भर दुपारी खाल्लेले पचवताना कोंबडीचे अंग आणखी तापते. एवढे केल्यावर पुढच्या उन्हाळ्यांत आमची एकही कोंबडी उष्माघाताने गेली नाही. तेव्हा ज्या परसात दाट सावलीचे झाड नाही, तिथे कोंबड्या आणण्याच्या आधी झाड लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवगा लावला तर दोन-तीन वर्षांत विरळ का होईना सावली मिळते आणि तोवर पाला व शेंगाही घरात येतात.

आता आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, विचार करू. तो सण नेमका याच उन्हात येतो आणि खानदेशातल्या लेकी-सुना त्या दिवसांत माहेरी जातात. घराला कुलूप लागले तर काय, हा प्रश्न इथे दोन्ही बाजूंना सारखाच नाही. वाफा जाताना भरपूर भिजवला आणि आच्छादन जाड असले, तर तीन दिवस तो निभावून नेतो. पाने मलूल झाली तरी पाणी मिळाल्यावर बहुतेक झाडे सावरतात, आणि न सावरली तर गेले ते दहा रुपयांचे बी. कोंबड्यांना एक दुपारही सोडता येत नाही. आमच्या शेजारच्या आजीबाईंचा सल्ला मागितला तेव्हा त्यांनी जागा, खर्च, जात असले काहीच विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “दिनभर घर कोन राहस, ते पहिले सांग.” कोंबड्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न हाच आहे.

उत्पन्नाची तुलना करताना लोक नेहमी अंड्यांची संख्या वाढवून धरतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते, आणि तिच्याखाली अंडी ठेवली तर २१ दिवसांनी पिले निघतात. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जाती वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात, पण त्या क्वचितच खुडूक बसतात, म्हणजे पुढची पिले विकतच आणावी लागतात. झाबुआचा कडकनाथ आपल्याकडे हौसेने आणला जातो. तो काटक आहे, पण अंड्यांसाठी म्हणून घेऊ नये. पाच गावरान कोंबड्यांपासून वर्षाला तीनशे अंडी मिळाली तर उत्तम समजावे, आणि तीही सारखी मिळत नाहीत. डिसेंबरमध्ये आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा होतो, उजेड कमी झाल्याने अंडी घटतात, आणि मे महिन्यात उष्णतेने घटतात. याच्या उलट, कार्तिक ते माघ हा परसबागेचा भराचा काळ आहे. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते, पालक महिना-सव्वा महिन्यात, आणि एकदा लागलेली वांगी दोन-तीन महिने तोडता येतात. सहा-सात वांग्याची झाडे, एक गिलक्याचा (घोसाळ्याचा) आणि एक दोडक्याचा वेल, चार ओळी गवार-भेंडी, थोडी मिरची-कोथिंबीर एवढ्यावर पाच माणसांच्या घराची आठवड्यातील तीन-चार दिवसांची भाजी निघते. घरच्या वांग्याचे, पऱ्हाट्यांवर भाजलेले भरीत आणि कळण्याची भाकरी ज्याने खाल्ली आहे, त्याला या हिशोबात आणखी काय धरायचे ते मी सांगायला नको. आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परसातल्या चार झाडांवरचे फळही त्याच हिरव्या-पांढऱ्या, मऊ सालीचे येते, मात्र बी खात्रीच्या घरून आणावे.

खाद्याचा खर्च दाण्यांवर येतो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे पाच कोंबड्यांना महिन्याला सोळा-सतरा किलो. मोकळ्या फिरल्या तर यातले बरेच त्या स्वतः मिळवतात. उरलेले मका, ज्वारी, बाजरीची कणी आणि स्वयंपाकघरातील पालेभाजीचे देठ यांवर भागते, आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवावा लागतो. एक सूचना कापसाच्या मुलखात मुद्दाम द्यावीशी वाटते. घरात गाई-म्हशींसाठी सरकी पेंड असतेच, ती कोंबड्यांना घालू नये. सरकीतील गॉसिपॉल या घटकाने अंड्यातील पिवळा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि कोंबडीच्या तब्येतीलाही ते बरे नसते.

रोगराईत कोंबड्यांची बाजू नाजूक आहे. मानमोडी (राणीखेत रोग) घरात शिरली की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते, आणि तिच्यावर लसीशिवाय उपाय नाही. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो रोगाची लस आणि पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतील त्याप्रमाणे बाकीच्या लसी द्याव्या लागतात. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात पिले आणणे शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खुराड्यात आला की रक्ती हगवण लागते. त्यासाठी खुराडे जमिनीपासून हातभर उंच असावे आणि खाली भुईमुगाच्या शेंगांची टरफले किंवा तूस कोरडा ठेवावा. नंदुरबार जिल्ह्यातील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आढळला आणि २०२१ च्या सुरुवातीला तो तिथे पुन्हा आला. अशा वेळी बाधित क्षेत्रात परसातील पक्षीही नष्ट केले जातात. ज्या घरात मुलांनी कोंबड्यांना नावे ठेवलेली असतात, तिथे तो दिवस फार कठीण जातो, आणि ही शक्यता आधीच मान्य करूनच पक्षी आणावेत.

भाजीपाल्यालाही रोग-किडी चुकत नाहीत, पण तिथे चूक सुधारायला वेळ मिळतो. वांग्याचा एखादा शेंडा भर सकाळी, मुळाशी ओल असताना मान टाकून लोंबू लागला, तर पाणी वाढवू नये. तो शेंडा दोन बोटे खाली खुडून नखाने उभा चिरावा. आत गुलाबीसर पांढरी अळी पोखरत बसलेली सापडते. असे शेंडे रोज खुडून जाळले आणि पुढे भोकाची फळेही लगेच काढून टाकली, तर सहा-सात झाडांवर औषध मारायची गरजच पडत नाही. माव्या-तुडतुड्यांसाठी निंबोळीची भुकटी लिटरला पन्नास ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून फवारली की भागते. या कामात मला खरा आनंद मिळतो, आणि तो फवाऱ्यापेक्षा रोज सकाळी झाडाझाडाशी थांबून पाहण्याचा आहे.

दोन्ही एकत्र करण्याची कल्पना चांगली आहे, मात्र कुंपणाशिवाय ती टिकत नाही. आमच्या मेथीचा नुकता उगवलेला वाफा तीन कोंबड्यांनी दहा मिनिटांत उकरून सपाट केला होता. कोंबडीची विष्ठाही ताजी टाकू नये, तिने मुळे जळतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवली, तर तिच्यासारखे खत नाही. आमच्या वांग्यांची पाने त्या खताने जेवढी रुंद झाली तेवढी शेणखताने कधी झाली नव्हती. पीक संपल्यावर रिकाम्या वाफ्यात कोंबड्या आठवडाभर सोडल्या की त्या अळ्या-कोष वेचून खातात आणि माती उकरून देतात.

घरात शाकाहार असेल, भिंतीला भिंत लागून शेजार असेल किंवा सकाळी नऊ ते सहा सगळे बाहेर असतील, तर मी भाजीपालाच सुचवेन. पहाटेच्या आरवण्यावरून आणि वासावरून जुने शेजार तुटलेले मी पाहिले आहेत. कोंबडा न ठेवताही अंडी मिळतात, पण वासाचे काय ते रोजच्या झाडलोटीवर अवलंबून आहे. घरात दिवसभर थांबणारे कोणी असेल, मोठे झाड असेल आणि पाण्याची ओढाताण असेल, तर पाच कोंबड्या अधिक योग्य ठरतील. मात्र दोन-अडीच वर्षांनी अंडी कमी झालेल्या कोंबडीचे काय करायचे, हे घरातल्यांनी आधी एकत्र बसून ठरवावे. आमच्याकडे त्या म्हाताऱ्या होईपर्यंत राहतात आणि त्यांचे दाणे आम्ही खर्चात धरतो. पूर्णपणे नवख्या माणसाने पहिल्या पावसाळ्यात भाजीपाला करावा आणि पिले दसऱ्याच्या आसपास आणावीत, म्हणजे थंडी वाढण्यापूर्वी त्यांना पिसे येतात आणि वैशाख लागेपर्यंत ती मोठी झालेली असतात.

तोवर एक काम येत्या मे महिन्यात करून ठेवावे. एखाद्या कडक दिवशी दुपारी बारा, दोन आणि चार वाजता परसात जाऊन सावली कुठवर येते तिथे राखेने रेघ ओढावी. तिन्ही रेघांच्या आत राहणारा तुकडा हीच खुराड्याची जागा, आणि तसा तुकडा कुठेच निघाला नाही, तर यंदा गिलक्याचे बी आणावे.