भाड्याच्या घरात नवे प्लग पॉइंट: केसिंग पट्टीच्या फिटिंगचे परीक्षण

पुण्यातील जुन्या इमारतींमध्ये भाड्याने राहणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, ती म्हणजे प्रत्येक खोलीत एकच बोर्ड, आणि तोही दाराला लागून. घर बांधले तेव्हा हॉलमध्ये टीव्हीसाठी एक, स्वयंपाकघरात मिक्सरसाठी एक आणि बेडरूममध्ये इस्त्रीसाठी एक, एवढे प्लग पुरेसे वाटले असतील. आता राउटर, लॅपटॉप, वॉटर प्युरिफायर, इंडक्शन शेगडी आणि घरातल्या प्रत्येकाचा मोबाइल त्याच बोर्डांवर येऊन पडतात. भिंत फोडून कन्सील वायरिंग करायला घरमालक सहसा तयार होत नाहीत, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तो खर्च करण्यात अर्थही नसतो. (खिळा मारण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असे करारात लिहून घेणारे घरमालक या शहरात दुर्मीळ नाहीत.) त्यामुळे कर्वेनगरमधील आमच्या घरात केसिंग पट्टी, भिंतीवरच बसणारा सरफेस बॉक्स आणि मॉड्युलर प्लेट वापरून भिंतीवरून चार नवे पॉइंट काढून घेतले. साहित्य बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणले, आणि काम घराजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातील परवानाधारक वायरमनने केले. वर्षभराच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

आधी साहित्याविषयी. केसिंग पट्टी पीव्हीसीची असते. खालचा भाग भिंतीला स्क्रूने बसतो, त्यात वायरी घातल्या जातात आणि वरून झाकण दाबून बसवतात. ती साधारण 2 मीटर लांबीत आणि 20, 25, 32 मिलिमीटर अशा रुंदीत मिळते. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन जाड वायरी न्यायच्या असतील तर 25 मिलिमीटरची पट्टी घ्यावी, कारण 20 च्या पट्टीत त्या कोंबता आल्या तरी झाकण मधूनच उचलले जाते आणि मग ते दिसेल तिथे दाबत बसण्याचा उद्योग मागे लागतो. दुकानात पट्टी हातात घेऊन झाकण दोन-तीनदा लावून-काढून पाहावे; स्वस्त मालाचे झाकण तिथेच सैल झालेले कळते. मागे चिकटपट्टी असलेली केसिंगही मिळते आणि भाड्याच्या घराला तीच योग्य, असे कुणालाही वाटेल. परंतु बऱ्याच भाड्याच्या घरांना डिस्टेंपर दिलेला असतो, त्याची भुकटी सुटते आणि चिकटपट्टी रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते. गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारी खुंटी) ठोकून स्क्रूने बसवलेली पट्टी चार बारीक छिद्रे पाडते, पण जागा सोडत नाही. या बाबतीत माझा कौल स्क्रूलाच आहे.

प्लेट आणि बटणे मॉड्युलर, म्हणजे सुटी बसवता येणारी, घेतली; एका बटणाएवढी जागा म्हणजे एक मॉड्युल. चार मॉड्युलच्या प्लेटमध्ये दोन बटणे आणि दोन मॉड्युलची जागा घेणारा एक सॉकेट नेमका बसतो. बॉक्स, प्लेट आणि मॉड्युल एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील घ्यावेत, एवढेच पथ्य पुरते.

खरा प्रश्न पट्टीचा नाही. नवा पॉइंट कुठून काढला, हा आहे. जवळच्या बोर्डातून वायर ओढून पुढे नेणे हा सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग, आणि मोबाइल, लॅपटॉप, राउटर, टेबल फॅन यांच्यासाठी तो पुरेसा आहे. आपल्याकडील 230 व्होल्टवर 6 अँपिअरचा सॉकेट 1,380 वॅटपर्यंतच्या भारासाठी असतो आणि ही सगळी उपकरणे एकत्र केली तरी त्याच्या आसपासही जात नाहीत. इंडक्शन शेगडी किंवा गीझर मात्र एकटाच 2,000 वॅट घेऊ शकतो. अशा उपकरणासाठी 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि तो जुन्या बोर्डातून काढला तर वर पाटी सोळाची आणि भिंतीच्या आत लाइट-पंख्यासाठी टाकलेली 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची वायर, अशी जोडी तयार होते. सॉकेटला काही होत नाही. तापते ती न दिसणारी वायर. म्हणून स्वयंपाकघरातील पॉइंटसाठी आम्ही मीटरजवळच्या डीबीपासून (घरभर वीज वाटणारी पेटी) 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणली आणि तिला 16 अँपिअरचा वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) दिला. पट्टी लांबली, दाराच्या चौकटीवरून फिरवावी लागली आणि खर्चही वाढला. चारही पॉइंटांपैकी पैसे वसूल झाले असे मी निःशंकपणे म्हणेन, ते याच पॉइंटचे.

वायर घेताना तिच्यावर आयएस 694 आणि आयएसआय चिन्ह छापलेले आहे ना, हे पाहावे. हिरव्या, म्हणजे अर्थच्या, वायरीची बचत करू देऊ नये. तीन छिद्रांचा सॉकेट लावून वरच्या छिद्राला काहीच न जोडण्याची सवय काही ठिकाणी दिसते, आणि फ्रिज किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या वायरमनने काम संपल्यावर टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून तो पूर्ण प्रकाशाने पेटतो हे दाखवले. त्यानंतरच झाकणे बसवली. डीबीमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ही चाचणी करताना तो पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, आणि पडायलाच हवा.

सेवेविषयी सांगायचे तर, वायरमनची पहिली विचारणा किती पॉइंट हवेत अशी नव्हती, तर “तिथे काय लावणार आहात?” अशी होती. दर सांगण्याआधी त्यांनी डीबी उघडून पाहिली, काम सुरू करताना मेन बंद केला आणि भिंतीतील जुन्या वायरीचा अंदाज घेऊनच ड्रिल लावले. बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ बाजूला ड्रिल मारायचे नाही, कारण कन्सील पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो, हा त्यांचा नियम मला पटला. सफाईत मात्र गुण कापावे लागतील. बेडरूममधील पट्टी छताच्या रेषेला समांतर नाही, कोपऱ्यावर तयार सांधा वापरण्याऐवजी पट्टी कापून जोडल्याने फट राहिली आहे, आणि ड्रिलची धूळ आवरण्याचे काम आमच्याकडेच आले. मजुरी पॉइंटप्रमाणे ठरवली होती. लांब पट्टीचे वेगळे पैसे लागतील हे मध्येच कळले. फुटाचा दर आणि पॉइंटचा दर, दोन्ही आधी विचारून घेणे इष्ट.

एसीसाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. तिथे 4 चौरस मिलिमीटरची वायर आणि 20 अँपिअरची जोडणी घेतात, शिवाय महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भार पुरतो का, हेही पाहावे लागते. तो वाढवायचा तर वीजजोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांचा, म्हणजे बहुधा घरमालकांचाच, अर्ज लागतो.

दिसण्याबाबत कोणतीही भलामण करता येणार नाही: भिंतीवरची पट्टी पट्टीच दिसते, आणि पांढऱ्या झाकणावर गॅसजवळचा तेलकटपणा लवकर बसतो. घर सोडताना बॉक्स, प्लेट, मॉड्युल आणि वायर काढून नेता येतील. पट्टी मात्र काढताना तुटण्याचीच शक्यता जास्त. छिद्रे पुट्टीने बुजवायची, असे घरमालकांशी व्हॉट्सअॅपवर आधीच लिहून ठरले आहे. स्वयंपाकघरातील पॉइंट आणि त्याचा एमसीबी तसाच राहू द्यावा, असे त्यांनी काम पाहिल्यावर स्वतःहून सुचवले, आणि अनामत परत करताना तेवढी रक्कम त्यात मिळवून देता यावी म्हणून साहित्याच्या बिलाची प्रत मागून घेतली.