जीएफओ, चीटो, व्होडका की लँथॅनम? सांगलीतल्या रीफ टँकचं फॉस्फेट कशानं उतरवायचं

रीफ टँक म्हणजे कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात शेवाळाला खाणं पुरवणारं फॉस्फेट चढलं की काय करायचं ते थेटच सांगतो. टँकखाली सम्प, म्हणजे फिल्टरची जोडटाकी, आहे आणि नायट्रेटही चढलेलं आहे तर चीटो नावाचं शेवाळ लावा. सम्प नाही किंवा टँक छोटा आहे तर जीएफओचे दाणे थोडे थोडे वापरा. लँथॅनम हे रसायन फक्त मोठ्या टँकमध्ये, आतला जुना रॉक (खडक) फॉस्फेटनं भरलाय तेव्हाच. आणि व्होडका-व्हिनेगर आपल्या सांगलीत अगदी शेवटी. ज्याला एवढंच पायजे होतं त्यानं इथं थांबलं तरी चालेल, बाकीच्यांनी पुढं वाचा, कारण चारही गोष्टी फॉस्फेट उतरवतात हे खरं असलं तरी उतरवताना आणखी काय काय ओढून नेतात ते प्रत्येकाचं वेगळं आहे.

आधी आकड्याचं बघू. रीफवरच्या समुद्राच्या पाण्यात फॉस्फेट फारच कमी असतंय, ०.०१-०.०२ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅमच्या) आसपास, पण म्हणून घरच्या टँकमध्ये त्याच्या मागं लागायचं नाही. तिथं कोरलला दिवसरात्र वाहत्या पाण्यातनं बारीक खाणं मिळतंय, इथं तुम्ही टाकाल तेवढंच. ०.०३ ते ०.१ च्या मधे कुठंतरी स्थिर राहिलं की बस. काही लोकांना शून्य बघितल्याशिवाय झोप येत नाही, मग शून्य येतं, कोरल फिके पडतात आणि वाळूवर बुडबुडे अडकलेल्या चिकट तपकिरी तारा दिसायला लागतात, म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव). साधं शेवाळ परवडलं पण डायनो नको, आगीतून फुफाट्यात.

मोजायचं कशानं हाही प्रश्न आहेच. रंग जुळवायच्या किटमध्ये ०.०३ चा निळा आणि ०.१ चा निळा रात्री ट्यूबलाईटखाली ओळखून दाखवा, मी मानलं तुम्हाला. डिजिटल चेकर महाग वाटतो पण एकदाच घ्यायचा. हॅना कंपनीचा जो चेकर फॉस्फरस दाखवतो तो पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) आकडा देतो, त्याला ३.०६६ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं, म्हणजे स्क्रीनवर १० आलं तर फॉस्फेट ०.०३ पीपीएम. टेस्टच्या पावडरची पुडी कोपऱ्यातनं नीट कापा, आतली पावडर कागदाच्या घडीत अडकून बसते ती टिचक्या मारून सगळी बाटलीत उतरवा, आणि मशीनमध्ये ठेवण्याआधी बाटली कोरड्या सुती फडक्यानं पुसा, कारण बोटाचा एक ठसा किंवा आतला एक बुडबुडा आकडा सहज हलवतो. आणि हो, रॉकवर हिरवं जंगल आहे आणि टेस्ट ०.०२ दाखवतेय म्हणून टेस्ट चुकली असं लगेच म्हणू नका, पाण्यातलं फॉस्फेट ते जंगलच खात असतंय.

आता पाणी बदलून भागेल का, हे सगळे विचारतात. हिशोब करू. २०० लिटरचा टँक, फॉस्फेट ०.३, म्हणजे पाण्यात विरघळलेलं एकूण ६० मिलिग्रॅम. १० टक्के पाणी बदललं तर ६ मिलिग्रॅम बाहेर गेलं. आणि खाणं? सुक्या खाण्यात १ टक्का फॉस्फरस धरला तर १ ग्रॅम खाण्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या हिशोबात ३० मिलिग्रॅम. सगळंच पाण्यात येत नाही, थोडं माशाच्या अंगी लागतंय, थोडं स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) काढतो, पण तरी ६ आणि ३० बघा की राव! त्यात रॉक आणि वाळू कॅल्शियम कार्बोनेटची, ती फॉस्फेट धरून ठेवते आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडते, म्हणून आज पाणी बदललं आणि परवा आकडा जागेवर, हे होणारच. पाणी बदलायचं ते बदलाच, पण फॉस्फेटसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. दोन क्लाउनफिशना चिमूटभर पुरतंय, घरात पाहुण्यांची पोरं आली की प्रत्येकजण एकेक चिमूट टाकतंय ते आधी बंद करा, आणि फ्रोजन असेल तर वितळवून चहाच्या गाळणीत धुऊन टाका.

पाण्याचंच निघालंय तर आपल्या घरातला आरओ. बहुतेक घरगुती आरओला टीडीएस वाढवायचा स्क्रू नाहीतर मिनरलचं काडतूस असतंय, म्हणजे गाळलेल्या पाण्यात मुद्दाम परत काहीतरी मिसळतात. प्यायला ठीक, टँकला नाही. तो भाग बाजूला काढून पुढं डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडायचा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय मीठ कालवायचं नाही. नळाला कृष्णेचं येतंय का सोसायटीच्या बोअरचं, बोअरचं असेल तर रेझिन लवकर संपणार हे धरून चला.

हे सगळं करूनही आकडा वर असेल तर मग खरी निवड, आणि बहुतेकांची निवड जीएफओ आणि चीटो या दोघांतच असते.

जीएफओ म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे तांबूस तपकिरी दाणे, फॉस्फेट त्यांना चिकटतं. काम लगेच दिसतं, दोन-तीन दिवसांत आकडा खाली. हाच त्याचा गुण आणि हाच दोष, कारण ०.४ वरनं एकदम ०.०५ वर आणलं की कोरलला झटका बसतो, त्यातही अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएचमध्ये मोजतात) १०-११ डीकेएच ठेवली असेल तर अ‍ॅक्रो जातीच्या कोरलची टोकं जळतात. म्हणून पाकिटावर जेवढं लिहिलंय त्याच्या निम्म्यापेक्षा कमीनं सुरुवात, अल्कलिनिटी ८ च्या आसपास, आणि आठवड्यानं बघून वाढवायचं. वापरायच्या आधी आरओच्या पाण्यात धुवा, पहिलं पाणी विटकरीच्या रंगाचं निघतंय, ते स्वच्छ होईस्तोवर. रिअ‍ॅक्टर (दाण्यांतनं पाणी फिरवणारा डबा) असेल तर वरचा थर नुसता हलेल एवढाच प्रवाह, जास्त सोडला की दाणे एकमेकांवर घासून भुकटी होते आणि ती टँकमध्ये जाते. संपला का हे कसं कळणार? रिअ‍ॅक्टरमधनं बाहेर पडणाऱ्या पाण्याची टेस्ट करा, आत आणि बाहेर सारखाच आकडा आला की मीडिया (म्हणजे ते दाणे) गेला. साधारण महिना-दीड महिना, पण फॉस्फेट जास्त असेल तर पहिली खेप आठवड्यातच संपते. हा खर्च दर वेळचा, आणि माल मुंबई-पुण्याहून मागवायचा.

चीटो म्हणजे तारेच्या घासणीसारखं हिरवं शेवाळ, सम्पमध्ये ठेवायचं, वर लाईट, आणि वाढलं की मूठभर काढून फेकायचं. जे काढलं तेवढं फॉस्फेट गेलं. लाईट रात्री लावा, टँकचे दिवे बंद असताना, म्हणजे रात्री पीएच फार पडत नाही. खर्च एकदाच, लाईटबिल सोडलं तर. पण हे हळू आहे, पहिले तीन-चार आठवडे काहीच होत नाहीसं वाटतं, आणि एक अट आहे जी दुकानात कुणी सांगत नाही: नायट्रेट पायजे. शेवाळाला एका फॉस्फरसमागं तीसेक नायट्रोजन लागतात, म्हणजे फॉस्फेट ०.१ पीपीएम उतरवायला अंदाजे २ पीपीएम नायट्रेट खर्च होतंय. तुमचं नायट्रेट आधीच शून्य आणि फॉस्फेट ०.३ असेल तर चीटो वाढणार नाही, पांढरा पडून विरघळेल आणि धरलेलं सगळं परत पाण्यात. अशा टँकला जीएफओच, कारण तो नायट्रेटला हात लावत नाही.

चीटो कुणाच्या चालू टँकमधनंच घ्या, धुऊन, बघून. मालवणला गेलात म्हणून खडकावरचं ओरबाडून आणू नका, त्याबरोबर काय काय किडे-खेकडे येतील सांगता येत नाही. आणि तिथल्या कडक कोरलला, समुद्रपंख्याला तर हातच लावायचा नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत आहेत, फुटका तुकडासुद्धा नको.

व्होडका आणि व्हिनेगरची गंमत अशी की दोन्ही फॉस्फेटचं औषध नाहीतच, ते बॅक्टेरियाचं खाणं आहे. बॅक्टेरिया वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट घेतात, स्किमर त्यांना बाहेर काढतो. यातही नायट्रेटच जास्त पडतंय, फॉस्फेट मागनं थोडंसं, आणि नायट्रेट संपलं की काम थांबलं, वर लालसर सायनोबॅक्टेरियाचे पापुद्रे. दोघांत निवडायचं तर व्हिनेगर, चूक झाली तरी सावरायला जागा राहते. साधं पांढरं घ्या, चायनीजच्या गाडीवर मिरच्या घालून ठेवतात तसलं नाही, नुसतं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि पाणी असलेलं, आणि टक्केवारी वाचा, आपल्याकडं बहुतेक ४ च्या आसपास मिळतंय आणि परदेशी चार्टात ५ धरलेलं असतंय. व्होडकाचंही तेच, चार्ट ४० टक्क्यांचा आणि आपली बाटली ४२.८ ची. चार्टाच्या हिशोबानं १ मिली व्होडका म्हणजे ८ मिलीच्या आसपास व्हिनेगर, त्यामुळं १०० लिटरला ०.१ मिलीनं सुरुवात करायची म्हणतात ते उगाच नाही, इन्सुलिनची सिरिंजच लागते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. वाढलेले बॅक्टेरिया ऑक्सिजन खातात. एप्रिल-मेमध्ये इथं बाहेर ३८-४० असतंय, चिलर नसेल तर टँक २९ च्या पुढं, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, आणि वळवाचा पहिला वारा सुटला की लाईट गेलीच. स्किमर बंद, पंप बंद, आणि पाण्यात सकाळचाच डोस. मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. २०१९ सारखा पूर आला तर विचारच नको. जीएफओचा रिअ‍ॅक्टर तासाभरासाठी बंद पडला तर काही बिघडत नाही (दिवसभर बंद राहिला तर आतलं कुजकं पाणी आधी बादलीत सोडायचं, मग चालू करायचं). चीटोला अंधार झाला तर तो दिवस-दोन दिवस नुसता वाढायचा थांबतो. ज्यांच्याकडं इन्व्हर्टरवर पंप आणि बॅटरीचा एअर पंप दोन्ही आहे त्यांनीच व्होडकाच्या वाटेला जावं.

लँथॅनमचं थोडक्यात. स्विमिंग पूलवाले वापरतात ते लँथॅनम क्लोराइड, पाण्यातल्या फॉस्फेटला धरून पांढरी भुकटी करतं. पैशाच्या मानानं याच्याएवढं फॉस्फेट कुणीच काढत नाही, ४००-५०० लिटरला जीएफओ घालून घालून खिसा रिकामा होण्यापेक्षा हे बरं. २०० लिटरमध्ये १ पीपीएम असेल तर २०० मिलिग्रॅम फॉस्फेट, त्याला साधारण २९० मिलिग्रॅम लँथॅनम लागतं, पण पूलवाल्या बाटलीत किती लँथॅनम आहे हे लिहिलेलं नसेल तर घेऊच नका. भरपूर आरओच्या पाण्यात पातळ करून, सलाईनच्या नळीनं थेंब थेंब, ५ ते १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत), आणि दिवसाला ०.१ पेक्षा जास्त उतरवायचं नाही. टँकमध्ये थेट ओतलं की पाणी दुधाळ, आणि टँग जातीचे मासे दगावल्याच्या तक्रारी बऱ्याच आहेत. अल्कलिनिटीही थोडी खाली येते, ती बघत राहायची.

पांढऱ्या गोळ्यांचा अ‍ॅल्युमिनियमवाला मीडिया पण मिळतो, पिशवीत टाकायला सोपा, पण लेदर कोरल असेल तर तो मिटून बसतो असं बरेच जण सांगतात. झोआ-मश्रूम जातीचे कोरलच असतील तर वापरून बघायला हरकत नाही.

विश्रामबागेत फ्लॅटमध्ये ६० लिटरचा नॅनो, सम्प नाही, मागं लटकवलेला फिल्टर आहे, असा टँक असेल तर मी एक चमचाभर जीएफओ जाळीच्या पिशवीत त्या फिल्टरमध्ये टाकेन, तिसऱ्या दिवशी एक आणि सातव्या दिवशी एक टेस्ट, ०.१ च्या खाली आलं की पिशवी बाहेर, परत चढलं की नवी पिशवी. चार फुटी टँक, खाली सम्प, पाच-सहा मासे, नायट्रेट २० च्या वर, तर चीटो, आणि तो जम धरेपर्यंत महिनाभर थोडा जीएफओ सोबतीला, मग जीएफओ बंद. दोन्ही कायमचे चालू ठेवले तर जीएफओ फॉस्फेट आधी खाऊन टाकतो आणि चीटो उपाशी राहतो, त्यामुळं चीटो हाताला दाट लागायला लागला की पिशवी काढायची आठवण ठेवा.