ऊस कारखान्याला घालायचा की गुऱ्हाळाला?

दसरा झाला की आमच्या कोल्हापूरकडच्या करवीर तालुक्यात पारावर हाच विषय निघतो. परवा शेजारचा पोरगा आला. वडिलांच्या माघारी दीड एकर ऊस आणि सोसायटीचं कर्ज दोन्ही त्याच्या अंगावर पडलंय. म्हणाला, "काका, यंदा गूळच करू का?" त्याला तोंडी सांगितलं, ते इथं सविस्तर लिहितोय, कारण दोन-अडीच एकरवाले सगळे याच पेचात असतात.

आधी पैशाचं बघू. कारखान्याला घातलेल्या उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये आहे. उतारा त्याच्या वर गेला की प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागं ३४ रुपये ६० पैसे वाढतात. आपल्या भागात उतारा चांगला पडतो. १२ टक्के धरला तर ४,१५५ रुपये होतात. यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. ती ९०० धरली, तर हातात ३,२५५ रुपये येतील.

आता गूळ. टनाला ११५ किलो पडला आणि क्विंटलला ४,५०० दर लागला असं धरू. टनामागं ५,१७५ झाले. एवढं ऐकून पोराचा चेहरा खुलला. पण दोन्हींतला फरक १,९२० रुपयांचा, आणि तोडणी, ओढणी, गाळपाचा खर्च, भेंडी, चुना, बांधणी, बाजारातली हमाली-तोलाई हे सगळं त्यात बसायला हवं. दर ४,००० वर उतरला की हाच फरक १,३४५ वर येतो. म्हणून गुऱ्हाळमालकाला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. टनाला एकूण खर्च किती पडतो ते विचारा आणि घरी बसून वजाबाकी करा.

दर पडला तर कुणाचं नुकसान, हा माझ्या मते खरा फरक. उसाला किमान दर कायद्यानं बांधलेला आहे. ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आता कारखान्याची बाजूही बघा. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ साली किलोला ३१ रुपये ठरली आणि पुढं कित्येक हंगाम तिथंच राहिली. एफआरपी मात्र त्या काळात चढत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधन आलं. दिल्लीत असा निर्णय झाला की त्याची झळ ऊसबिलाच्या तारखेला लागते. तरी तिथं दराला खाली तळ आहे. गुळाला तसा तळ नाही. दिवाळी पाडव्याला सौदे निघतात तेव्हा दर छान दिसतो. आपला मोठा गिऱ्हाईक गुजरात. तिकडची उचल मंदावली की आवक साचते, आणि मग समोर बोलतील तो भाव.

कारखान्याच्या बाजूचं माझं दुखणं तोडीचं आहे. एका वर्षी माझा आडसाली (पावसाळ्यात लावलेला) ऊस नोंद करूनही महिनाभर उभाच राहिला. तुरे आले, वजन घटलं. मी रोज चिटबॉयला, म्हणजे तोडीचं बघणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, फोन करत होतो. शेवटी तोडणाऱ्यांची टोळी आली ती खुशाली (वरचे पैसे) ठरवूनच, वर वाडंही, म्हणजे उसाचे शेंडे, त्यांनाच. ट्रॅक्टरवाल्याची एन्ट्री, म्हणजे त्याचे वरचे पैसे, वेगळी. हे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत, म्हणून हिशेब करताना टनामागं थोडे बाजूला धरा. कारखाना या पैशांकडं काणाडोळा करतो, याचा मला मनापासून राग आहे.

गुऱ्हाळात तोड आपल्या हातात असते, पण तिथं सगळं गुळव्यावर, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिरावर, अवलंबून. एकदा पहाटे जाऊन एक आधण (एका वेळचा शिजवण्याचा घाणा) बघाच. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापतो, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. खाली चुलवाणात जळव्या चिपाड सारत असतो. शेवटच्या पाच मिनिटांत गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. जरा उशीर झाला तर गूळ करपतो, लवकर उतरवला तर बसत नाही. असा जाणता माणूस आता मिळत नाही, बरीच गुऱ्हाळं त्यापायीही थंडावली. रंगासाठी हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारणाऱ्याकडं किंवा साखर मिसळणाऱ्याकडं ऊस देऊ नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते असल्या गुळानं बुडेल.

जातही बघा. वजन देणारा फुले २६५ कारखान्याला बरा. गुळाला को ९२००५ उजवा, बेणं निवडण्याआधी इथल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात विचारून या. आणि पंचगंगेच्या काठचं रान असेल, २०१९ आणि २०२१ सारखं पाणी बसत असेल, तर गुळाचा विचारच नको. बुडालेल्या उसाचा गूळ धड होत नाही.

मला स्वतःला गूळ जवळचा वाटतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कच्चा माल विकून पक्क्या मालाचा नफा दुसऱ्याला देणारा शेतकरी गरीबच राहतो. आफ्रिकेतल्या कोकोवाल्या देशांचं तेच दुखणं आहे, कोको त्यांचा आणि चॉकलेटचा पैसा युरोपात. गुऱ्हाळात निदान मजुरी, चिपाड, काकवी गावातच राहतं. पण कर्ज असलेल्या माणसाला जवळचं वाटून चालत नाही. कारखान्याच्या बिलातून सोसायटीचा हप्ता परस्पर कापला जातो आणि पुढच्या वर्षी पीककर्ज बिनघोर मिळतं. अडत्याकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेतलीत, तर माल त्याच्याच दुकानी लावायला लागतो, दर काहीही असो.

त्या पोराला मी सांगितलं, एक एकर कारखान्याला नोंद. उरलेल्या वीस गुंठ्यांत ९२००५ आहे, त्याचा गूळ कर, तोही एक-एक किलोच्या ढेपा करून, ओळखीची गिऱ्हाइकं आधी ठरवून. तो काल गुऱ्हाळावर जाऊन टनाचा खर्च लिहून घेऊन आलाय. १,७०० सांगितलाय, बांधणी धरून की सोडून, ते विचारायचं राहिलं.